पंक आणि मेटलमधले कलावंत इतकी भयंकर नावे का घेतात?

सातरस्ता (सोलापूर)

माझा भाचा इथेच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तीन मित्रांना घेऊन त्याने मेटल, म्हणजे जोरकस गिटार-ड्रमच्या रॉक संगीताचा, बँड काढला आहे. त्यांचा सराव अशोक चौकाच्या पुढे, चौघांपैकी एकाच्या वडिलांच्या कारखान्यामागच्या खोलीत चालतो. भिंतीपलीकडे टॉवेलचे माग दिवसभर खडखडत असल्यामुळे ड्रम कितीही जोरात वाजला तरी शेजारी तक्रार करत नाहीत, हा त्या जागेचा मोठा गुण आहे. गाण्याबद्दल घरात कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती नावाबद्दल.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांना थोडा वेळ मिळाला आहे. त्यासाठी चौघे फ्लेक्स करायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. फ्लेक्सवाल्याने सवयीप्रमाणे चौघांची नावे आडनावांसह टाईप केली, फोटोंभोवती सोनेरी कडी काढली आणि खाली ‘शुभेच्छुक’ हा शब्दही तयार ठेवला. भाच्याने ते सगळे पुसायला लावले आणि स्वतःच्या फोटोखाली ‘अबॅडन’ असे लिहायला सांगितले. फ्लेक्सवाल्याने ते नाव दोनदा विचारून घेतले, एकदा अक्षरांसाठी आणि एकदा खात्रीसाठी. संध्याकाळी ताईला हे कळले. आजोबांनी ठेवलेले नाव टाकून पोराने कुठल्या तरी सैतानाचे नाव का घ्यावे, असा तिचा सवाल आहे, आणि मामा म्हणून समजूत काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

समजूत कुणाची काढायची हे ठरवण्याआधी मला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे. टोपणनाव आपल्याला परके नाही. शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, गडकरी गोविंदाग्रज झाले, माणिक गोडघाटे ग्रेस झाले, आपल्या सोलापूरचे सलगरकर कुंजविहारी झाले. यांतले प्रत्येक नाव मूळ नावापेक्षा कोमल आहे, निदान कानाला गोड आहे. पंक आणि मेटल या रॉक संगीताच्या आक्रमक प्रकारांत मात्र मी पाहतो तिथे सडका, दुष्ट, खरूज, मेलेला, अशा अर्थाची नावे माणसे आपण होऊन घेतात. त्यामागे केवळ लक्ष वेधून घेण्याची हौस आहे, की त्याहून खोल काही आहे? आणि जे लंडनमध्ये किंवा नॉर्वेत घडले, ते सोलापुरातल्या वीस वर्षांच्या मुलाने जसेच्या तसे उचलावे का? जाणकारांनी विस्ताराने लिहावे, अशी विनंती.

बॉबिन

मामासाहेब, पंक आणि मेटल यांतली नावे वरवर सारखी दिसली तरी ती वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. मी पंकपुरतेच लिहितो.

सेक्स पिस्टल्स हा बँड १९७५ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. त्याचा गायक जॉन लायडन हा उत्तर लंडनमधल्या एका गरीब आयरिश कुटुंबातला मुलगा होता. त्याच्या दातांची अवस्था इतकी वाईट होती की गिटार वाजवणारा स्टीव्ह जोन्स त्याला त्यावरूनच ‘रॉटन’, म्हणजे सडका, म्हणू लागला. लायडनने ते हिणवणे नाकारले नाही. तेच नाव घेऊन तो मंचावर उभा राहिला आणि जॉनी रॉटन म्हणून जगभर ओळखला गेला. दात किडलेले असणे ही त्या समाजात गरिबीची खूण होती आणि गरिबाने ती तोंड मिटून लपवावी अशी अपेक्षा होती. त्याने तोंड पूर्ण उघडून गायला सुरुवात केली. पंकमधल्या नावांचे मर्म मला यात दिसते. लोक ज्यावरून आपल्याला हिणवतात तेच आपण आधी मोठ्याने उच्चारायचे, म्हणजे हिणवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. द डॅम्ड या बँडच्या ड्रमवादकाने रॅट स्केबीज, म्हणजे उंदीर आणि खरूज, हे नाव घेतले, त्यामागेही त्याला खरोखरच झालेली खरूज होती.

आपण कवींची टोपणनावे पाहिलीत म्हणून आपल्याला आपल्याकडे फक्त कोमल नावे दिसली. बारशांकडे पाहा. आधीची मुले दगावलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकू असे ठेवण्याची चाल आपल्या गावोगावी होती. ज्याला आईबापच दगड किंवा केर म्हणतात त्याला दृष्ट लागत नाही आणि मृत्यूलाही ते मूल न्यावेसे वाटत नाही, अशी त्यामागची समजूत होती. माझ्या आजोळच्या गावी आजही साठीपुढचे दोन धोंडीराम आहेत, आणि त्यांच्या नावाला कुणी हसत नाही, कारण ते नाव कसल्या भीतीतून आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. लंडनच्या पोरांना ही चाल माहीत असण्याचे कारण नाही, पण कुरूप नावाचे चिलखत होऊ शकते हे त्यांनाही उमगले होते.

चिलखत कधी कधी अंगात रुततेही. सेक्स पिस्टल्समध्ये बास वाजवणाऱ्या सिड व्हिशसचे उदाहरण भाच्याला जरूर सांगा. त्याचे जन्मनाव सायमन जॉन रिची. लायडनने एक हॅम्स्टर पाळला होता, त्याचे नाव सिड. तो रिचीला चावला, त्यावरून ‘सिड फार दुष्ट आहे’ अशी थट्टा झाली आणि ती याच्या नावाला चिकटली. म्हणजे नाव एका चिमुकल्या प्राण्याच्या चाव्यावरून आलेले. पुढे मात्र प्रेक्षक, वर्तमानपत्रे आणि भोवतालची माणसे त्याच्याकडून रोज दुष्टपणाचीच अपेक्षा करू लागली, आणि त्यानेही ती पुरी करण्याचा धडाका लावला. मैत्रीण नॅन्सी स्पंजेन हिच्या खुनाच्या आरोपाखाली तो जामिनावर असताना २ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. वय होते २१. नावाने त्याला मारले असे मी म्हणणार नाही, कारण व्यसन हे व्यसन असते. पण ते नाव उतरवून ठेवण्याची सवड त्याला कुणी दिली नाही, हे मला फार लागते. लायडनला ती मिळाली, किंवा त्याने ती मिळवली. १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्समधून बाहेर पडून त्याने पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला, तेव्हा तो पुन्हा जॉन लायडन झाला होता.

आता मला सर्वांत विचार करायला लावणारे नाव. अमेरिकेत १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला डेड केनेडीज हा बँड निघाला. त्याच्या एरिक बाउचर नावाच्या गायकाने ‘जेलो बियाफ्रा’ हे नाव घेतले. जेलो म्हणजे अमेरिकेत घरोघरी खाल्ली जाणारी, रंगीत, थलथलणारी गोड जेली. बियाफ्रा म्हणजे नायजेरियापासून फुटून निघालेला तो प्रदेश, जिथे १९६७ ते १९७० च्या युद्धात लाखो माणसे, त्यांत असंख्य मुले, उपासमारीने मेली. पोट फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या त्या मुलांची छायाचित्रे तेव्हा जगभर पोचली होती. त्याने हे दोन शब्द शेजारी बसवले. ते नाव उच्चारले की भरल्या पोटाच्या माणसाला जेलीचा घास आणि उपाशी मूल एकाच वेळी आठवते. हे नाव बीभत्स आहे, आणि ते तसे असणेच योग्य आहे, कारण ते मेलेल्यांना हसत नाही, खाणाऱ्यांकडे बोट दाखवते. याच नावाने त्याने १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदाची निवडणूकही लढवली.

याच्या शेजारी मॅरिलिन मॅन्सन या अमेरिकन गायकाचे नाव ठेवून पाहा. त्याचे खरे नाव ब्रायन वॉर्नर; त्याने मॅरिलिन मन्रो या नटीचे पहिले नाव आणि चार्ल्स मॅन्सन या गुन्हेगाराचे आडनाव जोडले, आणि बँडमधल्या इतरांनीही तोच साचा वापरला. एकाने तर जॉन वेन गेसीचे नाव घेतले, ज्याच्यावर ३३ मुलांचे आणि तरुणांचे खून सिद्ध झाले होते. सौंदर्य आणि क्रौर्य यांना प्रसिद्धी सारखीच मिळते, हे दाखवण्याचा हेतू त्यामागे होता असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्या ३३ जणांना आईवडील होते आणि त्या नावाची जाहिरात त्यांना दुकानाच्या काचेवर पाहावी लागली असेल. खऱ्या माणसांना मारणाऱ्या खऱ्या माणसाचे नाव गाण्यासाठी घेऊ नये, इतकी एक मर्यादा भाच्याने पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अबॅडन त्यात बसत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

उत्तरकसबा

बॉबिन यांनी पंकची बाजू चांगली मांडली आहे. मेटलमध्ये, विशेषतः ब्लॅक मेटल या सैतानी प्रतिमा वापरणाऱ्या उपप्रकारात, नावाचे काम बरोबर उलटे असते. तिथे नाव माणसाची खरी खोड उघडी करत नाही, माणसालाच झाकून टाकते.

आपल्या भाच्याने निवडलेले नाव कुठून आले ते आधी सांगतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात व्हेनम नावाचा तीन जणांचा बँड होता. कॉनराड लँटने क्रोनोस, जेफ्री डनने मँटास आणि ड्रम वाजवणाऱ्या अँथनी ब्रेने अबॅडन ही नावे घेतली. त्यांच्या १९८२ च्या अल्बमच्या नावावरूनच ब्लॅक मेटल हे या प्रकाराचे नाव पडले. अबॅडन हा बायबलच्या शेवटच्या ग्रंथात येणारा अथांग विवराचा दूत आहे, टोळांच्या सैन्याचा राजा. लहानपणी रविवारी चर्चमध्ये बसून ते ऐकलेल्या प्रेक्षकाला हे नाव मंचावर ऐकताच धक्का बसतो. जहाजबांधणी आणि कोळशावर जगलेल्या शहरातल्या साध्या घरांतल्या मुलांनी असे नाव घेतले की ती कुणाची मुले आहेत, कुठे राहतात, हा विचारच मागे पडतो. त्यांना तेच हवे होते.

नॉर्वेत हे झाकणे फार पुढे गेले. मेहेम या बँडचा गिटारवादक ओयस्टीन ऑर्सेथ युरोनिमस झाला, ड्रमवादक हेलहॅमर झाला, बास वाजवणारा नेक्रोबुचर झाला. स्वीडनहून आलेल्या त्यांच्या गायकाने, पेर ओलिनने, ‘डेड’ एवढेच नाव घेतले. तो चेहऱ्याला प्रेतासारखा पांढरा-काळा रंग लावायचा आणि कपडे काही दिवस जमिनीत पुरून ठेवून मग घालायचा. एप्रिल १९९१ मध्ये, २२ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. भोवतालच्या मुलांनी त्या मुलाच्या दुःखाकडे दुःख म्हणून पाहिलेच नाही, त्यांना त्यात नावाला साजेशी भूमिका दिसली, याचा मला आजही राग येतो. पुढे १९९२ मध्ये लाकडी चर्च जाळण्याचे प्रकार सुरू झाले. बुर्झुम या एकट्याच्या बँडमागचा वर्ग विकर्नेस, ज्याने इंग्रज लेखक टोल्कीनच्या कथेतल्या एका राक्षसी पात्रावरून काउंट ग्रिशनाक हे नाव घेतले होते, त्याने ऑगस्ट १९९३ मध्ये युरोनिमसचा खून केला. १९९४ मध्ये त्याला त्या देशातली कमाल, २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याचे विचार पुढेही वंशद्वेषाचेच राहिले, तेव्हा त्याला कुणी वीरपुरुष ठरवू नये.

माझे म्हणणे इतकेच आहे की त्या छोट्या वर्तुळात प्रत्येकाला आपल्या नावापेक्षा दुसऱ्याचे नाव अधिक काळे वाटू लागले होते, आणि मग नावावरून स्पर्धा कृतीवर गेली. मुखवटा घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मात्र तो कार्यक्रमापुरताच ठेवला. नॉर्वेच्याच डार्कथ्रोन बँडचा फेनरीझ, ज्याचे खरे नाव गिल्वे नागेल, त्याने संगीताबरोबर अनेक वर्षे टपाल खात्यात नोकरी केली, आणि आपल्या गावाच्या परिषदेवर राखीव सदस्य म्हणूनही तो निवडून आला. प्रचाराच्या फलकावर तो आपली मांजर घेऊन उभा होता. एम्परर बँडच्या समोथने तर आपलेच थॉमस हे नाव जवळपास उलटे वाचले आणि काम भागवले. ताईंना सांगायचे असेल तर हे सांगा. भयंकर नावाचा माणूस सकाळी उठून पत्रे वाटायला जाऊ शकतो.

परंतु अबॅडन या नावाला सोलापुरात काही अर्थ उरत नाही, हेही भाच्याला सांगायला हवे. इथे ते कुणाच्या श्रद्धेला भिडत नाही, कुणाच्या भीतीला हात घालत नाही. ताईंना राग आला तो ‘सैतान’ हा शब्द ऐकून, अबॅडन ऐकून नव्हे. ज्या नावाचा अर्थ समजावून सांगितल्यावर लोक दचकतात, ते नाव मंचावर कामाचे नाही.

रेल्वेलाइन्स

उत्तरकसबा यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यासाठी नॉर्वेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबईत ‘भयानक मौत’ नावाचा मेटल बँड निघाला. हे नाव ऐकल्यावर कुणालाही कोश उघडावा लागत नाही, आणि जुन्या हिंदी भयपटांची फलकावरची रंगीत अक्षरे डोळ्यांपुढे येतात. मुंबईचाच डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड २००० पासूनचा. त्याचा गायक साहिल मखीजा स्वतःला डेमनस्टीलर म्हणवतो. नाव इंग्रजी असले तरी त्याने २०१७ चा अल्बम विष्णूच्या दहा अवतारांवर केला, आणि हाच माणूस यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवतो. ताईंनी तो एकदा पाहावा. गळ्यातून राक्षसाचा आवाज काढणारा माणूस कांदा किती मन लावून परततो, हे पाहिल्यावर त्यांची निम्मी काळजी कमी होईल.

पूर्वभाग

वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक बँड राहिला आहे, आणि सोलापूरच्या मुलांसाठी मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी सोलापूरच्या पूर्वभागातली, विणकरांच्या वस्तीतली आहे, घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९७४ मध्ये चार तरुणांनी रमोन्स हा बँड काढला. त्यांच्यापैकी कुणीही एकमेकांचे भाऊ नव्हते. जेफ्री हायमन, जॉन कमिंग्ज, डग्लस कॉल्विन आणि तमाश एर्देयी ही त्यांची खरी नावे. एर्देयीचा जन्म हंगेरीतल्या बुडापेस्टचा. हायमन ज्यू कुटुंबातला. चौघांनी आपापली आडनावे टाकून ‘रमोन’ हे एकच आडनाव घेतले आणि ते जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी रमोन झाले. हे आडनावही त्यांचे नव्हते. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी सुरुवातीच्या काळात पॉल रमोन या नावाने वावरायचा, त्यावरून त्यांनी ते उचलले. पुढे वादक बदलत गेले तरी बहुतेक नव्या माणसांनीही तेच आडनाव लावले. त्यात किळसवाणे काही नाही, सैतान नाही, रक्त नाही, आणि तरीही मला ते सगळ्यांत धाडसी वाटते.

का, ते फ्लेक्सवरूनच सांगते. आपल्या शहरात फ्लेक्सवर चार आडनावे छापली की वाचणाऱ्याला काय काय कळते, याचा विचार करा. हा पद्मशाली, हा लिंगायत, हा मराठा, हा मोमीन, याचे घर अमुक पेठेत, त्याचे तमुक नगरात. गाणे सुरू होण्याआधीच प्रेक्षकांनी चौघांना चार रांगांत बसवलेले असते. सातरस्ता यांनी त्या मुलांची आडनावे सांगितली नाहीत, सांगूही नयेत. पण अशोक चौकाच्या पुढच्या कारखान्यात सराव करणाऱ्या चौघांच्या घरी मिळून दोन-तीन भाषा तरी बोलल्या जात असतील, असे मी इथली असल्यामुळे नक्की सांगू शकते. त्या चौघांनी उद्या एकच आडनाव लावले, तर ते नाव कितीही साधे असो, इथल्या माणसाला अबॅडनपेक्षा जास्त टोचेल. कुणीतरी हमखास विचारेल, ‘मूळचे आडनाव काय?’ आणि त्या वेळी न सांगण्याचे बळ मुलांत असेल, तर त्यांच्या संगीतातही बळ येईल.

दुसरे उदाहरण बाईचे देते, कारण वर सगळे पुरुषच आले आहेत. एक्स-रे स्पेक्स या लंडनच्या बँडची गायिका मेरिॲन इलियट हिचे वडील सोमालियाचे आणि आई ब्रिटिश. तिने पॉली स्टायरीन हे नाव घेतले. व्यवसायांची यादी असलेल्या टेलिफोनच्या पुस्तकात ती आपल्या काळाला शोभेल असा शब्द शोधत होती, आणि तिला हा सापडला. स्वस्त, हलके, वापरून फेकून द्यायचे प्लास्टिक. दातांना पट्ट्या लावलेली ही मुलगी वस्तू विकत घेण्याच्या वेडाविषयी गात होती, आणि गायिकेलाही बाजारात वस्तूसारखेच मांडतात हे तिने नावातच सांगून टाकले होते. पुढे ती हरे कृष्ण पंथात गेली, गात राहिली, आणि २०११ मध्ये कर्करोगाने वारली. तिच्या नावात मृत्यू किंवा राक्षस नाही. तिने फक्त भोवताली पाहिले.

मुलांनी तसे भोवताली पाहावे. ज्या खोलीत ते सराव करतात तिथे सुताच्या कांड्या आहेत, मागाचे बीम आहेत, हवेत तरंगणारा कापसाचा भुरका आहे, जो मागावर काम करणाऱ्यांच्या छातीत जाऊन बसतो. माझ्या वडिलांचा खोकला आमच्या गल्लीत सगळ्यांना ओळखीचा होता, ते कोपऱ्यावर आले की आई ताट वाढायला घ्यायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा अख्खे शहर भोंग्यावर उठायचे, आणि ‘भोंगा’ म्हणून एखादा गायक माझ्यासमोर उभा राहिला तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. भुरका, भोंगा, खोकला, उधारी. यांतले कोणतेही नाव ताईंना आवडणार नाही, पण कळेल नक्की, आणि मुलाला त्या नावाबद्दल काही विचारावेसेही वाटेल.

सातरस्ता (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. पूर्वभाग यांचा प्रतिसाद मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. एका आडनावाची कल्पना चौघांपैकी तिघांना फार आवडली. चौथ्याच्या घरी मात्र त्यावरून अधिकच वाद होईल अशी त्याला भीती आहे आणि ती खोटी नाही, म्हणून त्याच्यावर दबाव आणू नका असे मी बाकीच्यांना सांगितले आहे. ताईला मी जी. जी. ॲलिन या अमेरिकन पंक गायकाची गोष्ट सांगितली. त्याच्या बापाने त्याचे जन्मनावच जीझस ख्राइस्ट ॲलिन ठेवले होते, आणि शाळेत पोराचे हाल होऊ नयेत म्हणून आईने ते बदलून केविन मायकल केले. त्या माणसाचे मंचावरचे वागणे कुणालाही सांगण्याजोगे नाही, परंतु आईने नावासाठी केलेली धडपड ताईला लगेच कळली. ‘म्हणजे तिकडच्या आयांनाही हेच करावे लागते’, असे ती म्हणाली आणि राग बराच निवळला.

एक व्यावहारिक प्रश्न राहतो. मुले स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करणार आहेत. टोपणनावाने गाणी प्रसिद्ध केली तर हक्काच्या दृष्टीने काही अडचण येते का?

पार्कचौक

टोपणनाव वापरण्यासाठी राजपत्रात नाव बदलण्याची आवश्यकता नाही. ते कागदोपत्री कायमचे नाव करायचे असेल तरच प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली प्रसिद्धी लागते. व्हिन्सेंट फर्निअरने १९७५ मध्ये ॲलिस कूपर हे नाव कायदेशीररीत्या घेतले, पण तोपर्यंत तो त्या नावाने कितीतरी वर्षे गात होता. भाच्याने शिक्षण संपेपर्यंत त्या फंदात पडू नये.

आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्य-संगीताची स्वतंत्र तरतूद आहे. लेखकाची ओळख उघड नसेल तर हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्या मुदतीत ओळख जाहीर झाली तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत जातो. वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. म्हणून मंचावर नाव काहीही असो, गीतकार आणि संगीतकार म्हणून नोंदणी करताना खरे नाव द्यावे आणि टोपणनाव त्याला जोडून लिहावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, नाव व्यक्तीचे की बँडचे, हे आताच लिहून ठेवा. स्वीडनच्या घोस्ट या बँडमध्ये सगळे मुखवट्यामागे होते. गायक पोपसारखा वेश करून पापा एमेरिटस म्हणवायचा आणि वादकांना नावेच नव्हती. २०१७ मध्ये माजी वादकांनी पैशांच्या वाटणीवरून दावा लावला आणि त्या खटल्यातून गायकाचे टोबियास फोर्गे हे खरे नाव सर्वांसमोर आले. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, कारण ही भागीदारी होती हे वादकांना सिद्ध करता आले नाही. मुलांनी एकच आडनाव घेतले तर हा प्रश्न अधिकच नाजूक होईल. एखादा बँड सोडून गेला तर ते आडनाव त्याने पुढे वापरायचे की नाही, नव्या येणाऱ्याला ते द्यायचे की नाही, आणि गाण्यांचे उत्पन्न चौघांत सारखे की लिहिणाऱ्याला अधिक, हे सर्व एका कागदावर साध्या मराठीत लिहावे. त्याखाली चौघांच्या सह्या, आणि त्या सह्या मात्र जन्मनावांनी कराव्यात.